सेवास्तीचा दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. जिथं ती घडली त्या बेटावरचे लोकसुद्धा हात हलवून "आजोबांच्या आजोबांच्या वेळची" एवढंच सांगतात, आणि त्यांचे आजोबाही तेवढंच सांगत होते. बेट ग्रीसच्या समुद्रात आहे. नाव अनेमूसा, म्हणजे वाऱ्याचं बेट. वारा सोडला तर तिथं दुसरं काही पिकत नाही.

नुसता खडक. त्यावर शेळ्या, काटेरी झुडपं आणि थोडा मध. सगळ्यात आधी गाव डोंगराच्या माथ्यावर होतं, कारण खाली समुद्रात चाचे होते आणि उपाशी मरणं हे मान कापून घेण्यापेक्षा बरं, असा गावाचा हिशेब होता. मग कुणीतरी बुडी मारली आणि तळाचा स्पंज वर आणला. तो कुठल्याशा दूरच्या शहरातल्या बायकांना अंग धुवायला आवडला, तोफा पुसणाऱ्यांनाही आवडला, आणि गाव हळूहळू डोंगर उतरून बंदराशी येऊन बसलं. घरावर घर, त्यावर घर, आणि मधून धक्क्यापासून शेवटच्या दारापर्यंत चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. शाळा झाली, देवळाला मोठी घंटा आली, डॉक्टर आला. सगळं स्पंजावर. समुद्र देत होता, पण समुद्र फुकट कधी देत नाही, हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं.

काम असं चाले. ईस्टरचा सण उलटला की गलबतं निघायची आणि थंडीचे वारे सुटायच्या आत परतायची. पाणबुड्या एक चपटा, गुळगुळीत दगड छातीशी धरायचा आणि डोकं खाली करून पाण्यात जायचा. दगड त्याला तळाला न्यायचा. दगडाला दोर बांधलेला असे आणि दोराचं दुसरं टोक वर गलबतावर एका माणसाच्या हातात. खाली स्पंज कापून जाळीत भरायचे, श्वास संपत आला की दोराला हिसका द्यायचा, वरच्यानं ओढायचं. एवढंच. पण त्या एवढ्यात खालच्याचा सगळा जीव वरच्याच्या मुठीत असे. प्रत्येकाचा दगड वेगळा, त्यावर कोरलेली खूण वेगळी. दगड घरी ठेवून कुणी पाणबुड्या बेट सोडत नसे, आणि मेला तर तोच दगड त्याच्या थडग्यावर ठेवत. दगड आणि माणूस यांची ताटातूट करू नये, असं म्हणतात.

थेमेलिस नावाचा म्हातारा असा दोर धरणारा होता. त्याच्यासारखे हात बेटावर नव्हते. पुढं त्या हातांची बोटं वळेनाशी झाली, आणि त्याचा जावई मिकेस, जो बेटावरचा सगळ्यात चांगला पाणबुड्या, तो दोराविना बसून राहिला. तेव्हा थेमेलिसची मुलगी सेवास्ती, म्हणजे मिकेसची बायको, उठून गलबतात जाऊन बसली. बाई गलबतावर चढली की वारा रुसतो, असं तिथं मानतात. गावानं तोंडाला पदर लावला. वारा काही रुसला नाही. लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून तिनं दोर हाताळला होता, आणि बापानं तिला एकच धडा दिला होता.

"दोर धरणाऱ्याला डोळे नसावेत, पोरी. तोंडही नसावं. नुसते हात. हिसका आला की ओढायचं. कोण आहे ते विचारायचं नाही."

तुम्हाला वाटेल, हे काय सांगणं झालं? दोराला आपलाच माणूस असणार ना! सेवास्तीलाही तसंच वाटायचं. प्रत्येक पाणबुड्याचा हिसका वेगळा असतो आणि मिकेसचा तर झोपेतून उठवल्यासारखा, लांब, आळशी आणि शेवटी हलकीशी थरथर. जगातल्या सगळ्या दोरांतून तिनं तो ओळखला असता.

एकदा असंच झालं. तो लांब, आळशी हिसका आला, तिनं भराभर ओढलं, आणि दगडाला मिठी मारून वर आला तो शेजारच्या गलबतावरचा कुणी परका माणूस, अर्धा मेलेला. मिकेस त्याच्या मागून नुसत्या श्वासावर वर आला, ओठ निळे पडलेले. तो माणूस खाली कपारीत अडकला होता, मिकेसनं त्याला सोडवला, आपला दगड त्याच्या हातात दिला आणि आपणच हिसका दिला. सेवास्तीनं त्याला गलबतात घेतलं, उताणा पाडला आणि मग आजूबाजूच्या सगळ्या गलबतांना ऐकू जाईल असं झापलं.

मिकेस धापा टाकत हसला. "तुझ्या हातात दोर होता," तो म्हणाला. "मला कसली घाई?"

या बोलण्यावर तिनं महिनाभर त्याला धड जेवायला वाढलं नाही, असं म्हणतात. पण ते खोटं असावं. तिचं त्याच्यावर फार प्रेम होतं आणि ती ते लपवायची नाही.

मग बेटावर तांब्याचं डोकं आलं.

गावातला मोठा तांडेल नोमिकोस, त्याचीच बरीच गलबतं होती, त्यानं ते परदेशातून आणवलं. कातडी पोशाख, शिशाचे बूट आणि डोक्यावर घालायचा तांब्याचा गोल हंडा, त्याला काचेची खिडकी. नळीतून वरून हवा जायची. माणूस तळावर चालत फिरू शकायचा, हवा तितका वेळ, हवा तितका खोल. जिथं दगडानं कुणी गेलं नव्हतं तिथले स्पंज वर येऊ लागले, टोपल्याएवढे. गाव हरखून गेलं. नोमिकोस वाईट माणूस नव्हता, हे लक्षात ठेवा. त्यानंच शाळेवर छप्पर घातलं होतं.

मिकेस त्याच्या गलबतावर जायला निघाला तेव्हा त्यानं सवयीनं दगड उचलला. नोमिकोस म्हणाला, "तो कशाला? तांब्याच्या डोक्याला दगड लागत नाही. दोर धरणाराही लागत नाही." सगळे हसले. मिकेसनं दगड आपल्या उंबऱ्याशी ठेवला आणि सेवास्तीनं तो ठेवू दिला. ही चूक. दुसऱ्या कुठल्या गावात ती चूक ठरली नसती.

गलबतं परत आली तेव्हा नोमिकोस स्वतः टोपी हातात घेऊन पायऱ्या चढत आला. लोक खिडक्यांच्या झडपांमागून बघत होते, की तो कुठल्या दाराशी थांबतो. तो बऱ्याच दारांशी थांबला. शेवटी सेवास्तीच्या दाराशी आला.

"वर आला तेव्हा धडधाकट होता," तो म्हणाला. "पोशाख काढला. पाव मागितला. घास तोंडात होता. काय झालं ते देवाला माहीत."

"कुठं ठेवलात त्याला?"

"आफ्रिकेच्या किनाऱ्यावर. वाळूत. क्रूस लावलाय."

सेवास्तीनं खाली पाहिलं. मिकेसचा दगड दोघांच्या मध्ये उंबऱ्याशी पडला होता. तिनं त्यावर हात ठेवला. भर उन्हात दगड ओला होता.

दगड पुसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला. पावसाचा टिपूस नव्हता. तिनं बोट लावून चाखलं, तर खारट. ती घाबरली, आत ठेवला, तरी ओला. दुपारी जेवणं झाली की त्या बेटावर सगळं गाव झडपा लावून झोपतं, कुत्रंही हलत नाही, वाराही दम खातो. बरोबर त्या वेळी दगडाला पाझर फुटायचा आणि पाण्याची रेघ उंबऱ्यावरून खालच्या पायरीवर उतरायची.

थेमेलिस खाटेवरून बघत होता. "तो काम मागतोय," म्हातारा म्हणाला. "दोर घे."

तिनं दगड डोक्यावर घेतला, दोर खांद्यावर टाकला आणि भर दुपारी, निर्मनुष्य पायऱ्या उतरून धक्क्यावर आली. दगडाला दोर बांधला आणि पाण्यात सोडला. धक्क्याखाली पाणी फार तर दोन माणसं खोल. दोर जात राहिला. जातच राहिला, हातातून सळसळत, जसा खोल समुद्रात जातो तसा. मग थांबला. आणि मग हिसका आला, लांब, आळशी, शेवटी हलकीशी थरथर.

 तिनं ओढलं. दोराला माणसाचं वजन होतं, जिवंत माणसासारखं, पाय मारणारं. ती रडत होती आणि ओढत होती. दगड पाण्याबाहेर आला तेव्हा त्याला धरून कुणीच नव्हतं. पण धक्क्याच्या फरशीवर पाणी निथळलं, आणि त्या पाण्यातून एक ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. अनवाणी पावलं धक्का ओलांडून पायऱ्यांकडे निघाली.

सेवास्ती त्यांच्यामागून गेली. एकेक पाऊल दगडावर उमटत होतं आणि उन्हानं वाळून मागं मिठाची कड ठेवत होतं. तिनं घर आवरलेलं नव्हतं, चुलीवर काही नव्हतं, याची तिला लाज वाटत होती. पावलं तिच्या दाराशी पोहोचली. थांबली नाहीत. तिच्या दारावरून पुढं गेली, वरच्या आळीला वळली आणि कालोतीना नावाच्या विधवेच्या उंबऱ्याशी जाऊन संपली. कालोतीनाचा मुलगा त्याच गलबतावर होता. तोही वाळूतच होता.

म्हातारीनं झडप उघडली. उंबऱ्यावरची ओली पावलं बघितली. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं होतं. ती खाली बसली आणि त्या पावलांवर तिनं दोन्ही हात ठेवले. "आला," एवढंच म्हणाली.

सेवास्तीला तिचा हेवा वाटला. वाटणारच.

मग रोज दुपारी ती धक्क्यावर जाऊ लागली. रोज नव्हे, पण जेव्हा दगड ओला होई तेव्हा. हिसका दर वेळी मिकेसचाच. वजन दर वेळी दुसऱ्या कुणाचं तरी. कुणाची पावलं जड, कुणाची पोरसवदा, कुणी पायऱ्यांवर मध्येच थांबून दम खाणारं. प्रत्येकाला आपलं दार माहीत होतं. बायकांना कळलं तशा त्या दुपारी झोपेनाशा झाल्या. दारं उघडी टाकून, उंबऱ्याशी पाव आणि पाणी ठेवून बसू लागल्या. पावलं वाजत नसत, हे त्यातलं सगळ्यात भयंकर होतं, असं म्हणतात. नुसती दिसत.

सेवास्तीला कळायला वेळ लागला नाही. नवरा तिचा होता. तळाशी तो त्या सगळ्यांना गोळा करत होता, ज्यांना वर ओढायला कुणाचा हात नव्हता, नुसती रबरी नळी होती. एकेकाच्या हातात आपला दगड देत होता आणि आपण मागं राहत होता. तुझ्या हातात दोर होता, मला कसली घाई. आणि दर वर्षी नोमिकोसची गलबतं नव्या माणसांना तांब्याचं डोकं घालून खाली सोडत होती. म्हणजे मिकेसची पाळी कधीच येणार नव्हती.

एकदाच तिचा धीर सुटला. हिसका आलेला नसताना तिनं दोर ओढला. दोर धरणाऱ्याच्या हातून याहून मोठा गुन्हा घडत नाही. दगड हलका वर आला. त्यावर मिकेसची खूण होती, त्या खुणेवर बोटांचे ओले ठसे होते, आणि ते ठसे तिच्या डोळ्यांदेखत दगडाच्या कडेवरून घसरत गेले. तिनं पुन्हा तसं केलं नाही.

ती कालोतीनाकडे गेली आणि तिला सगळं सांगितलं. आता इथं एक गोष्ट समजून घ्या. स्पंज वर आला म्हणजे लगेच विकला जात नाही. तो तुडवायचा, धुवायचा, आणि मग मोठ्या कातरीनं त्याला आकार द्यायचा. हे काम बायकांचं. बायकांनी कातरी खाली ठेवली तर वखारीत नुसता घाण वासाचा ढीग. कालोतीनानं तिचं ऐकून घेतलं, आपली कातरी उचलली आणि देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत त्या पायरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

नोमिकोस आला. "मग खायचं काय?" तो म्हणाला. "हे दगड?"

"पूर्वी काय खात होतो?" कालोतीनानं विचारलं.

"पूर्वी शाळा नव्हती. डॉक्टर नव्हता. अर्ध्या गावाला दात नव्हते, म्हातारे."

"मला अजून नाहीत," म्हातारी म्हणाली. "तांब्याची डोकी बंद होईपर्यंत कातरी तिथंच राहील."

त्या वसंतात गलबतं निघाली ती दगड घेऊन, जुन्या रीतीनं. तांब्याची डोकी वखारीत राहिली. थंडीच्या आत सगळी गलबतं परत आली आणि नोमिकोस टोपी डोक्यावर ठेवून उतरला, कारण त्याला कुठल्याच दाराशी थांबायचं नव्हतं. स्पंज कमी होते. माणसं होती तेवढी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेवास्ती धक्क्यावर गेली. या वेळी तिच्यामागं सगळ्या बायका होत्या. तिनं दगड सोडला. हिसका आला. तिनं दोर ताणून धरला आणि तिला वजन कळलं. ते वजन तिच्या हातांना पाठ होतं. तिनं ओढलं. फरशीवर पाणी निथळलं आणि रुंद, बोटं पसरलेली पावलं उमटली. ती धक्का ओलांडून पायऱ्या चढली आणि तिच्या दाराशी आली. तिथं क्षणभर थांबली, जसा माणूस पाय पुसायला थांबतो. मग आत गेली.

सेवास्तीनं आत जाऊन दार लावून घेतलं. दगड तिनं उंबऱ्याशी आणून ठेवला, तो कोरडा ठणठणीत होता.

तो हिवाळा फार कठीण गेला. डॉक्टर बेट सोडून गेला. पोरांना एरवी शेळ्यांना घालायच्या शेंगांच्या पिठाची भाकर खावी लागली, आणि एक-दोन घरांत तीही नव्हती. थेमेलिस तोवर वारला होता, तरी सेवास्तीच्या घरातून संध्याकाळी दोन चमच्यांचा आवाज यायचा, असं शेजारी सांगत. ती गाणं म्हणायची. तिच्या चेहऱ्याकडे बघून लोकांना बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची.

पुढल्या ईस्टरला बायकांनी देवळाच्या पायरीवरून कातऱ्या उचलल्या. त्यांना नावं ठेवू नका. ज्याच्या घरात पोर भुकेनं रडत नाही त्यानं हा निवाडा करू नये. कालोतीनानंही आपली कातरी उचलली, कारण तिच्या मुलीला मूल झालं होतं. नोमिकोसच्या वखारीतून तांब्याची डोकी निघाली, पुसली गेली, गलबतांवर चढली.  सेवास्तीनं फक्त दोराला नवं मेण लावलं.

उन्हाळ्याच्या मध्यावर एके दुपारी ती आपल्या दारापुढच्या पायऱ्यांना चुना देत होती. हाताला, पायाला पांढरा चुना लागलेला. तिचं लक्ष गेलं. उंबऱ्याशी दगड ओला झाला होता.

गलबतं दूर होती. कोण गेलं, कुणालाच माहीत नव्हतं. ते एकट्या दगडाला माहीत होतं, आणि घरात जो होता त्याला. पुढं काय झालं ते कुणी पाहिलं नाही, कारण सगळं गाव झोपलं होतं. कालोतीनाला जाग आली ती दोराच्या सळसळीनं, असं म्हणतात. ती बाहेर आली तेव्हा सेवास्तीचं दार सताड उघडं होतं. चुन्याचं भांडं तसंच. उंबऱ्याशी दगड नव्हता. आणि पायऱ्यांवर पावलं होती, या वेळी खाली जाणारी. रुंद, ओली पावलं, मिठाची कड धरलेली. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याइतकीच सावकाश, लहान पावलं. चुन्याची. पांढरी.

दोन्ही रांगा धक्क्याच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. तिथं गलबतं बांधायच्या लोखंडी कडीला सेवास्तीनं दोराचं टोक बांधून ठेवलं होतं, तिच्या बापानं शिकवलेल्या गाठीनं. दुसरं टोक पाण्यात होतं. दोर ताठ होता.

कालोतीनाला आधी राग आला. आता तीही खाली गेली, मग वर कोण? तिनं इकडं-तिकडं पाहिलं. धक्क्यावर तिच्याखेरीज कुणी नव्हतं. तेव्हा तिला कळलं की तो दोर कुणासाठी बांधलाय. तिनं त्यावर हात ठेवला. लांब, आळशी हिसका आला, आणि त्याच्या पाठोपाठ एक छोटा, घाईचा, झापल्यासारखा. म्हातारी तशी रडूबाई नव्हती. त्या दिवशी रडली आणि रडता रडता तिनं ओढलं.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. तांब्याची डोकी जाऊन भिंतींवर टांगली गेली. एका वर्षी समुद्राचे स्पंजच आजारी पडले आणि तो धंदाही गेला. आता अनेमूसावर पाहुणे येतात, उन्हात पडतात, काही जण डोंगराच्या कड्यांवर चढतात आणि दुकानांतून मूठभर स्पंज घेऊन जातात. पण ईस्टरच्या आधी गाव पायऱ्यांना चुना देतं तेव्हा मधला पट्टा आजही कोरा ठेवतात, धक्क्यापासून वरपर्यंत. तिथून चालणाऱ्यांची पावलं दिसायला हवीत. आणि दुपारी, सगळं गाव झोपलेलं असताना, कुणीतरी एक जण त्या लोखंडी कडीशी दोरावर हात ठेवून बसलेला असतो. घराघराची पाळी असते. पाहुणे विचारतात, मासे मिळतात का? बसलेला माणूस नाही म्हणून मान हलवतो.

गावातलं कुणी आता बुडत नाही, त्यामुळं मधली बरीच वर्षं दोर गप्प होता. अलीकडं तो पुन्हा हलतो. त्या समुद्रातून हल्ली दूरच्या देशांतली माणसं येतात, घरं जळाली म्हणून निघालेली, रात्रीच्या वेळी, फुगवलेल्या तकलादू होड्यांतून, आणि सगळ्या होड्या पोहोचत नाहीत. हिसका येतो, लांब आणि आळशी, आणि पाठोपाठ तो छोटा, घाईचा. वजन कधी कधी अगदीच हलकं असतं. मग फरशीवर लहान लहान ओली पावलं उमटतात आणि पायऱ्यांच्या तोंडाशी येऊन घोटाळतात, कारण या गावात त्यांना कुठलंच दार माहीत नसतं.

म्हणून सेवास्तीच्या घराचं दार गाव कधी लावत नाही. उंबऱ्याशी पाव आणि पाणी ठेवलेलं असतं. दोर धरून बसलेला माणूस उठतो, कोऱ्या पट्ट्यावरून त्या पावलांच्या पुढं पुढं चालत वर जातो आणि दाराशी बाजूला उभा राहतो. कोण आहे ते तो विचारत नाही.